चर्चच्या क्लिनिकमध्ये निर्वासितांची सेवा करायला जाताय? मग आधी हे वाचून घ्या

सगळ्यांना सलाम. उपासना संपल्यावर सूचना होते की स्थलांतरित आणि निर्वासित कुटुंबांसाठी आरोग्य सेवा सुरू करतोय, ज्यांना यायचंय त्यांनी नावं द्या. नावं भराभर येतात आणि मग पहिल्या दिवशी सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभे, कारण कोणी काय करायचं तेच ठरलेलं नसतं. मी नर्स आहे, बरीच वर्षं अशा क्लिनिकमध्ये काम करतेय आणि आता नवीन लोकांना कामाला लावायचं माझ्याच गळ्यात असतं, त्यामुळे तेच तेच प्रश्न इतक्यांदा ऐकलेत की म्हटलं एकदा सगळं लिहूनच टाकू. डॉक्टर-नर्स असाल तर वाचा, नसाल तर नक्की वाचा, कारण इथलं निम्म्याहून जास्त काम वैद्यकीय नसतंच.

एक गोष्ट आधीच सांगते म्हणजे पुढचं सगळं नीट लागेल. आपलं मुख्य काम गोळ्या वाटायचं नाहीये. आलेल्या माणसाला तो आता राहतोय त्या देशातल्या नेहमीच्या दवाखान्याच्या दारापर्यंत न्यायचं आणि तो आत गेला का ते बघायचं, हे काम. चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आपण संडे स्कूलपासून ऐकतो पण सगळ्यांना लक्षात राहतं ते जखमेवर तेल आणि द्राक्षारस ओतला तेवढंच. पुढे त्याने त्या माणसाला स्वतःच्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं, तिथल्या मालकाला चांदीची दोन नाणी दिली, याची काळजी घे म्हणाला आणि जास्त खर्च झाला तर परत येताना देतो असंही सांगितलं. आम्ही याला रेफरल (योग्य ठिकाणी पाठवणं) आणि फॉलो-अप (पुढे काय झालं ते बघणं) म्हणतो, आणि नव्वद टक्के आरोग्य कॅम्प नेमके तिथेच ढेपाळतात असं माझं मत आहे.

१. समोर कोण बसलंय ते समजून घ्या

लोक सरसकट "रेफ्युजी" म्हणतात पण तसं नसतं. निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या जिनिव्हा कराराप्रमाणे निर्वासित म्हणजे वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, एखाद्या सामाजिक गटातलं असणं किंवा राजकीय मत यामुळे छळ होईल अशी रास्त भीती असल्याने देशाबाहेर पडलेला माणूस. सुरुवातीला हा करार १ जानेवारी १९५१ च्या आधीच्या घटनांमुळे निर्वासित झालेल्यांपुरताच होता, ती अट १९६७ च्या प्रोटोकॉलने काढली. ज्याने आश्रय मागितलाय पण निकाल लागलेला नाही तो आश्रयार्थी. कामधंद्यासाठी किंवा कुटुंबाकडे आलेला तो स्थलांतरित, मग कागद असोत नसोत. आणि स्वतःच्याच देशात घर सोडून पळावं लागलेले ते देशांतर्गत विस्थापित.

हे माहीत कशाला हवं? कारण बहुतेक देशांत कोणाला कुठला सरकारी उपचार मोफत मिळतो ते या वर्गवारीवर ठरतं. पण म्हणून दारातच "तुमचा स्टेटस काय" विचारायचं नाही, अजिबात नाही. तो प्रश्न टीममधल्या एकाच प्रशिक्षित माणसाने विचारायचा, तोही त्या उत्तराने पेशंटचा काही फायदा होणार असेल तरच आणि का विचारतोय ते सांगून. केसपेपरवर ते लिहायचं नाही. ज्याला पकडलं जायची भीती आहे तो एकदा असं काही लिहिताना बघेल आणि पुन्हा येणार नाही, वर दहा जणांना सांगेल की तिकडे जाऊ नका. "तुम्ही इथे कसे आलात?" हा प्रश्न तर गप्पा म्हणूनसुद्धा नको.

२. संस्था निवडताना चार प्रश्न विचारा

या क्षेत्रात ख्रिस्ती संस्था जुन्या आहेत. वर्ल्ड रिलीफ १९४४ पासून, चर्च वर्ल्ड सर्व्हिस १९४६ पासून म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या आसपासचं हे काम. जेझुइट रेफ्युजी सर्व्हिस १९८० मध्ये जेझुइट संघाचे तेव्हाचे प्रमुख पेद्रो आरुपे यांनी सुरू केली, व्हिएतनाममधून होड्यांमधून जीव घेऊन निघालेल्या लोकांचे हाल बघून. कारितास, लुथरन वर्ल्ड फेडरेशन, वर्ल्ड व्हिजन ही नावं तुम्ही ऐकली असतीलच. पण बहुतेकांची सुरुवात आपल्याच किंवा शेजारच्या चर्चच्या हॉलमधल्या छोट्या क्लिनिकमध्ये होते आणि तेच बरं.

मोठी असो की छोटी, आधी विचारा: वैद्यकीय जबाबदारी कोणत्या नोंदणीकृत डॉक्टरवर आहे? स्वयंसेवकांचा विमा आहे का? आपल्याकडे होणार नाही ते पेशंट कुठे पाठवता? आणि पेशंटला तक्रार करायची असेल तर कुठे करायची? या चारांपैकी तिसऱ्याला "ते बघू, देव मार्ग दाखवेल" असं उत्तर आलं तर मी तरी तिथे जाणार नाही. देव मार्ग दाखवतोच हो, पण जवळच्या हॉस्पिटलचा नंबर आपणच लिहून ठेवायचा असतो.

आणि एक दिवसाचे शुगर-बीपी कॅम्प. मला ते आवडत नाहीत हे उघडच सांगते. एखाद्या बाईला सांगितलं की तुमची शुगर तीनशेच्या वर आहे आणि संध्याकाळी आपण टेबलं आवरून निघून गेलो, तर तिच्या हातात काय राहिलं? फक्त काळजी. पुढची सोय असेल तरच तपासणी करा.

३. कागदपत्रं आणि तुमची स्वतःची तयारी

देशादेशाप्रमाणे थोडा फरक पडेल पण साधारण हे सगळीकडे मागतात:

- फोटो असलेलं ओळखपत्र
- डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट, फिजिओ असाल तर जिथे सेवा देणार आहात तिथलं चालू रजिस्ट्रेशन
- पोलीस व्हेरिफिकेशन, विशेषतः मुलांशी संबंध येणार असेल तर
- पाळकांचं किंवा ओळखीच्या दोन जणांचं शिफारसपत्र
- लसीकरणाची नोंद
- गोपनीयतेचा करार आणि मुलांच्या सुरक्षेचं धोरण, वाचून मग सही केलेलं

यातल्या दोन गोष्टींना वेळ लागतो म्हणून आधी सुरू करा. एक पोलिसांचा कागद. दुसरं हिपॅटायटिस बीची लस, कारण तीन डोसांचा नेहमीचा कोर्स पूर्ण व्हायला सहा महिने जातात आणि सुई लावणाऱ्या टेबलावर त्याशिवाय बसू नये. गोवर आणि धनुर्वाताचंही तपासून घ्या, लहानपणी घेतलंच असेल अशा भरवशावर राहू नका.

सगळ्यात मोठा घोळ रजिस्ट्रेशनचा होतो. एका देशात वीस वर्षं डॉक्टरकी केलेला माणूस दुसऱ्या देशात गेला की तिथलं लायसन मिळेपर्यंत तो कायद्याने डॉक्टर नसतो. "मी फक्त चर्चमध्ये फुकट बघतोय" याने काही फरक पडत नाही. काही झालं तर विमा हात वर करतो आणि क्लिनिक बंद पडतं. अशा लोकांनी वाईट वाटून घेऊ नका, तुमचा उपयोग भरपूर आहे, खाली सांगतेच.

पिशवीत काय ठेवायचं तेही विचारतात सगळे. स्वतःचं बीपी मशीन वगैरे आणू नका, क्लिनिकचं एकच तपासून घेतलेलं मशीन वापरा. नावाची पट्टी, सॅनिटायझर, दोन पेनं, छोटी वही, पाण्याची बाटली, बंद बूट, बस. वहीत पेशंटचं नाव लिहायचं नाही.

४. मेडिकल नसाल तर काय कराल

हे सगळ्यात कमी समजतं लोकांना. रांग लावणं, नावनोंदणी, गाडी चालवून पेशंटला हॉस्पिटलला सोडणं, आई आत असताना मुलांना चित्रं काढायला बसवणं, फार्मासिस्टच्या हाताखाली पाकिटं भरणं, हे सगळं लागतंच. पण माझ्या मते सोन्यासारखं काम म्हणजे फोन. हॉस्पिटलची अपॉइंटमेंट मिळवायला अर्धा-अर्धा तास फोन धरून बसावं लागतं, भाषा येत नसलेला माणूस ते करूच शकत नाही. रिटायर झालेल्या, शांत डोक्याच्या, फोनवर ठामपणे बोलू शकणाऱ्या मावशी मिळाल्या तर त्यांना सोडू नका. आणि लायसन नसलेल्या परदेशी डॉक्टरांनी आरोग्य शिक्षण, दुभाष्याचं काम, पेशंटबरोबर हॉस्पिटलला जाऊन काय चाललंय ते समजावून सांगणं, हे घ्यावं. त्यांच्याइतकं चांगलं ते कोणालाच जमत नाही.

५. प्रार्थना आणि औषध यांची सांगड घालू नका

यावरून मला चर्चमध्ये बोलणी बसलीत पण लिहिणारच. मदतकार्यात काम करणाऱ्या संस्थांसाठी १९९४ मध्ये रेड क्रॉसच्या पुढाकाराने एक आचारसंहिता झाली, दहा तत्त्वांची. त्यात स्पष्ट आहे की मदत गरज बघून द्यायची, वंश-धर्म-देश बघून नाही, आणि कुठलीही राजकीय किंवा धार्मिक भूमिका पुढे नेण्यासाठी मदतीचा वापर करायचा नाही. आणि ही काही चर्चवर बाहेरून लादलेली गोष्ट नाहीये, ती तयार करणाऱ्यांत कारितास, लुथरन वर्ल्ड फेडरेशन आणि वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस हे स्वतः होते.

कारण सोपं आहे. ज्याच्या हातात औषध आहे तो त्या क्षणी ताकदवान असतो. त्याने "प्रार्थना करू का?" विचारलं तर समोरचा माणूस नाही म्हणूच शकत नाही, त्याला वाटतं नाही म्हटलं तर गोळ्या मिळणार नाहीत. असा होकार हा होकार नसतो.

मग प्रत्यक्षात काय करायचं? तपासणीच्या खोलीत प्रार्थनेचा विषय आपण काढायचा नाही. औषधाच्या पाकिटात पत्रिका, शुभवर्तमान, उपासनेच्या वेळा असलं काही घालायचं नाही. इथे एक गोष्ट बहुतेकांच्या डोक्यात येत नाही, यातले कितीतरी लोक धर्माच्याच कारणावरून पळून आलेले असतात, आणि कोणाचं मन ख्रिस्ताकडे वळलेलं असलं तरी घरच्यांना ते माहीत नसतं. त्या माणसाच्या पिशवीत तुमची पत्रिका सापडली तर त्याचा जीव धोक्यात येऊ शकतो, तुम्ही मात्र घरी जाऊन सुवार्ता सांगितल्याचं समाधान मानणार.

पेशंटने स्वतःहून मागितलं तर? तर आनंदाने, पण उपचार पूर्ण झाल्यावर, वेगळ्या जागी आणि शक्यतो ज्याने औषध दिलं त्याने नाही, दुसऱ्या कोणीतरी. भिंतीवर क्रूस आहे तो राहू दे, आपण कोण आहोत ते लपवायची गरज नाही. आपल्या आपल्यात सकाळी काम सुरू करायच्या आधी प्रार्थना करा, दार लावून, पेशंट यायच्या आत. तुम्ही का येता असं विचारलं तर खरं उत्तर द्या, एका वाक्यात.

६. दुभाष्याशिवाय तपासणी नाही

मुलांना दुभाषा बनवू नका. कितीही हुशार असली, कितीही घाई असली तरी. दहा वर्षांच्या मुलाला आईच्या पाळीबद्दल विचारायला लावायचं का? आणि आईला मारहाण कोण करतं हे ती मुलासमोर सांगेल का? नवऱ्यालाही नको, त्याच कारणासाठी. दुभाषा शक्यतो पेशंटच्याच लिंगाचा, नाहीच मिळाला तर फोनवरचा. फोनवरचा खरं तर कधी कधी जास्त बरा, कारण छोट्या समाजात सगळे एकमेकांना ओळखतात आणि लोकांना भीती असते की गोष्ट बाहेर जाईल. आणखी एक बघा, एकाच देशाचे दोघे आहेत म्हणजे जमेलच असं नाही, युद्धात ते समोरासमोरच्या बाजूचे असू शकतात. म्हणून आधी पेशंटला विचारा की हा दुभाषा चालेल ना, आणि ते त्या दुभाष्यासमोर विचारू नका.

बोलताना पेशंटकडे बघून बोला, "त्यांना विचारा की दुखतं का" असं नाही, सरळ "दुखतं का?" छोटी वाक्यं, एका वेळी एकच प्रश्न. पेशंट पाच मिनिटं बोलला आणि दुभाषा म्हणाला "नाही म्हणतोय" तर थांबा आणि पूर्ण सांगायला लावा. शेवटी "समजलं का?" विचारून उपयोग नाही, सगळे हो म्हणतात. "घरी गेल्यावर ही गोळी कशी घेणार ते मला सांगा" असं विचारा. यात जे बाहेर येतं ते ऐकून तुम्ही चक्रावाल.

मोबाईलवरचं भाषांतर चहा घेणार का विचारायला ठीक, डोस सांगायला नको.

७. नावनोंदणी, तारखा आणि घड्याळ

साधं वाटतं पण चुका इथेच होतात. बऱ्याच निर्वासितांच्या कागदावर जन्मतारीख १ जानेवारी असते, कारण खरी तारीख माहीत नसल्याने नोंदणीच्या वेळी तीच टाकलेली असते. त्यात नावंही सारखी. म्हणजे एकाच नावाचे, एकाच जन्मतारखेचे दोन पेशंट एकाच दिवशी येतात आणि रिपोर्ट इकडचे तिकडे होतात. म्हणून प्रत्येकाला क्लिनिकचा नंबर द्या, कार्डवर लिहून हातात द्या आणि सोबत आईचं किंवा वडिलांचं नाव लिहा. आडनाव नसणारे समाज आहेत, जबरदस्तीने आडनाव बनवू नका. कागदावर स्पेलिंग जसं आहे तसंच उतरवा, तुमच्या कानाला कसं वाटलं तसं नको, नाहीतर पुढे हॉस्पिटलमध्ये नाव जुळत नाही.

कॅलेंडरही वेगळं असतं. इथिओपियाच्या कॅलेंडरमध्ये तेरा महिने आहेत आणि त्यांचं वर्ष आपल्या इंग्रजी वर्षापेक्षा सात-आठ वर्षं मागे चालतं. अफगाणिस्तानातल्या लोकांच्या जुन्या कागदांवरची वर्षं बहुधा हिजरी सौर, म्हणजे सूर्यावर चालणाऱ्या हिजरी कॅलेंडरची असतात. लसीकरणाच्या जुन्या कार्डावरची तारीख वाचताना हे लक्षात ठेवा, नाहीतर लस बाळाच्या जन्माआधीच दिली असं दिसेल. घड्याळाचं तर अजून मजेशीर, इथिओपियात आणि पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिली बोलणाऱ्या भागात दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात, म्हणजे सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. तुम्ही "तीन वाजता या" म्हणालात तर माणूस सकाळी नऊला येऊन बसेल. अपॉइंटमेंट कार्डवर घड्याळाचं चित्र काढून काटे दाखवा आणि बाजूला सूर्य किंवा चंद्र.

८. तपासणीच्या टेबलावर

बीपी घ्यायच्या आधी पाच मिनिटं शांत बसवा, पाठ टेकलेली, हात हृदयाच्या पातळीवर, बोलायचं नाही. भेदरलेल्या माणसाचं बीपी आल्या आल्या घेतलं तर वाढलेलंच येणार.

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांच्या दंडाला पट्टी लावून घेर मोजा. ११.५ सेंटीमीटरच्या खाली म्हणजे तीव्र कुपोषण, त्याला त्याच दिवशी पुढे पाठवायचं. ११.५ ते १२.५ मध्ये असेल तर मध्यम, नोंद करून पोषणाच्या कार्यक्रमात घालायचं. पट्टीवर लाल-पिवळा-हिरवा रंग असतो, शिकायला दहा मिनिटं पुरतात.

रांगेतल्या स्वयंसेवकालाही माहीत हवं की कोणाला रांगेत थांबवायचं नाही, थेट आत न्यायचं:

- मूल पाणी किंवा दूध पीत नाही, सगळं उलटून टाकतं, झटके आलेत, किंवा सुस्त पडलंय
- श्वास भरभर चाललाय: दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा मिनिटाला ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याचा ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त
- गरोदर बाईला रक्तस्राव, जोराची डोकेदुखी आणि अंधुक दिसणं, झटके, ताप, अंगावरून पाणी जाणं किंवा बाळाची हालचाल कमी
- छातीत दुखणं, एका बाजूची ताकद जाणं, धाप

दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर टीबीचा विचार करायचा, मास्क द्यायचा, मोकळ्या हवेत वेगळं बसवायचं, पण ओरडून नाही, सगळ्यांसमोर नाही. टीबीच्या भीतीने लोक खोकला लपवतात, त्यांना वाटतं हाकलून देतील.

लैंगिक अत्याचाराची गोष्ट कोणी सांगितली तर वेळ महत्त्वाची. एचआयव्ही टाळायची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात आणि गर्भधारणा टाळायची गोळी १२० तासांपर्यंत, जितकी लवकर तितकी बरी. त्यामुळे "पुढच्या आठवड्यात डॉक्टर येतील तेव्हा बघू" हे चालत नाही, कुठे पाठवायचं ते आधीच ठरलेलं हवं. कसं झालं, कोणी केलं याची उलटतपासणी तुम्ही घेऊ नका.

९. औषधं: इथे सर्वात जास्त लक्ष द्या

पहिलं म्हणजे घरातली उरलेली औषधं गोळा करायची मोहीम काढू नका. चर्चमध्ये खोका ठेवला की अर्ध्या पट्ट्या, संपत आलेली मुदत, उघडलेली बाटली, डॉक्टरांना मिळालेली फ्री सॅम्पल्स, सगळं येऊन पडतं. औषधांच्या देणगीसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं १९९६ पासून आहेत, नंतर १९९९ आणि २०१० मध्ये सुधारली, आणि त्यात हे सगळं नको असंच म्हटलंय, शिवाय औषध पोचताना किमान एक वर्षाची मुदत शिल्लक हवी. जे तुम्ही स्वतःच्या मुलाला देणार नाही ते निर्वासितांना का? लोकांना पैसे द्यायला सांगा, क्लिनिक लागेल ते विकत घेईल. डब्याचं दूधही तसंच, तान्ह्या बाळांना सरसकट वाटू नका. पाणी स्वच्छ नसेल तर त्याने बाळ आजारी पडतं आणि आईचं दूध तुटतं ते वेगळंच. ज्या बाळाला खरंच लागतं त्याचं तज्ज्ञ बघून ठरवतील.

दुसरं, माणूस राहतो कसा ते विचारून मग औषध द्या. "जेवणानंतर तीन वेळा" सांगितलं आणि त्याला एकदाच जेवण मिळत असेल तर? तो गोळीही एकदाच घेणार. मुलांच्या अँटिबायोटिकची पावडर पाण्यात मिसळायची असते, मिसळल्यावर काही सिरप फ्रिजमध्ये ठेवावी लागतात आणि थोड्याच दिवसांत टाकून द्यावी लागतात. फ्रिज आहे का? इन्सुलिनचंही तेच. लघवी वाढवणारी बीपीची गोळी अशा बाईला दिली जिला रात्री अंधारात लांबच्या संडासला जायची भीती वाटते, तर ती गोळी घेणारच नाही आणि तुम्हाला सांगणारही नाही.

कॅप्सूलचं कवच बऱ्याचदा जिलेटिनचं असतं आणि जिलेटिन डुकराचं किंवा गाईचं असू शकतं, काही सिरपमध्ये अल्कोहोल असतं. विचारलं तर खरं सांगा आणि पर्याय आहे का ते फार्मासिस्टला विचारा. रमजानमध्ये लोक दिवसाच्या गोळ्या सोडतात, शुगरच्या पेशंटला डॉक्टरांशी आधीच बोलायला लावा. रोजा करू नका असं सांगायचं काम आपलं नाही.

पाकिटावर चित्रं काढा, उगवता सूर्य, डोक्यावरचा सूर्य, चंद्र, आणि खाली गोळ्यांचे ठिपके. औषधाचं मूळ नाव लिहा, कंपनीचं नव्हे, म्हणजे पुढच्या गावी गेला तरी तिथल्या फार्मासिस्टला कळेल.

जुलाबासाठी ओआरएसची पाकिटं ठेवा. पाकीट नसेल तेव्हाचं प्रमाण शिकवा: एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चहाचा चमचा मीठ. मिठाचा चमचा उलटसुलट झाला तर नुकसान होतं म्हणून तोंडी सांगून सोडू नका, समोर करून दाखवा. मुलांना जुलाबात झिंकही देतात, १० ते १४ दिवस, डोस डॉक्टर ठरवतील, तुमचं काम आईला हे सांगणं की जुलाब थांबले तरी गोळ्या पूर्ण करायच्या.

१०. मनाच्या जखमा उकरू नका

दयाळू माणसांकडूनच हा त्रास जास्त होतो. "सांगा ना काय झालं, मन हलकं होईल." नाही होत. एकदाच बसवून सगळं बोलून घ्यायची जी पद्धत होती तिने फायदा होत नाही म्हणून ती आता वापरू नका असंच सांगतात. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटना, वॉर ट्रॉमा फाउंडेशन आणि वर्ल्ड व्हिजन यांनी मिळून मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका काढली, ती मेडिकल नसलेल्यांनाही वापरता येते. तीन पायऱ्या: बघा, ऐका, जोडून द्या. सुरक्षित आहे का बघा, स्वतःहून बोलेल तेवढं ऐका, आणि त्याला लागेल त्या गोष्टीशी जोडून द्या, मग ते अन्न असेल, हरवलेल्या भावाचा शोध असेल किंवा डॉक्टर. हरवलेल्या नातेवाइकांचा शोध रेड क्रॉस घेते, तो फॉर्म क्लिनिकमध्ये ठेवा. "देवाची काहीतरी योजना असेल" हे वाक्य ज्याचं मूल गेलंय त्याला म्हणू नका. गप्प बसलात तरी चालेल.

जीव द्यायचा विचार बोलून दाखवला तर मात्र एकटं सोडायचं नाही आणि गुपित ठेवायचं नाही, लगेच प्रमुखांना सांगायचं.

११. फोटो, पैसे, फोन नंबर

फोटो नाही. चर्चच्या ग्रुपवर टाकायला नाही, देणगीदारांना दाखवायला नाही. चेहरा ओळखू आला तर मायदेशातल्या नातेवाइकांवर संकट येऊ शकतं. स्वतःच्या खिशातून पैसे देऊ नका, मदत संस्थेमार्फत, नाहीतर पुढच्या वेळी रांग औषधाची राहत नाही. खाजगी नंबर देऊ नका, क्लिनिकचा द्या. मुलाबरोबर बंद खोलीत एकट्याने थांबायचं नाही, कायम दोन मोठी माणसं. आणि मदतीच्या बदल्यात कसलीही वैयक्तिक अपेक्षा, हे बोलायची गरज पडू नये पण पडते. कोणी तसं वागताना दिसलं तर तो मंडळीतला कितीही मान्यवर असो, तक्रार करायची, आपापसात मिटवायचं नाही.

१२. रेफरल असं करा

नुसती चिठ्ठी देऊन "या हॉस्पिटलला जा" म्हणजे रेफरल नव्हे. चिठ्ठीवर काय सापडलं, काय दिलं, काय हवंय आणि पेशंटची भाषा कोणती ते लिहा, म्हणजे तिकडे दुभाष्याची सोय आधी होते. चिठ्ठी पेशंटला वाचून दाखवा. पेशंटसमोरच हॉस्पिटलला फोन लावून वेळ घ्या. कुठली बस, कुठल्या दारातून आत, पैसे लागणार का, कुठला कागद न्यायचा आणि कुठला मागितला तरी द्यायची सक्ती नाही, हे सगळं एका कागदावर चित्रासहित. पहिल्यांदा जाणाऱ्याबरोबर शक्य तर माणूस पाठवा, कारण बरेच जण गेटवरच्या गणवेशातल्या सिक्युरिटीला बघूनच परत फिरतात.

क्लिनिकमध्ये एक रजिस्टर ठेवा: पेशंटचा नंबर, कुठे पाठवलं, कधीची वेळ, गेला का, काय झालं. दर आठवड्याला एकाच माणसाने ते उघडून बसायचं आणि "गेला का" हा रकाना रिकामा असेल त्या प्रत्येकाला क्लिनिकच्या नंबरवरून फोन करायचा. फोन दुसऱ्याच कोणी उचलला तर आजाराबद्दल एक अक्षर बोलायचं नाही, फक्त क्लिनिकला फोन करा एवढाच निरोप. गेला नसेल तर का नाही गेला ते विचारायचं, रागावायचं नाही, आणि पुन्हा वेळ घ्यायची. नवीन असाल आणि काय काम घेऊ असं विचारत असाल तर हे रजिस्टर मागून घ्या, ते सहसा कोणीच मागत नाही.